गॅसची टाकी, दोन काटे आणि नळावरचा सोडा

शिवाजी उद्यमनगरात जाऊन ‘सीओटूचा रेग्युलेटर द्या’ म्हटलं, की दुकानदार पहिल्यांदा वेल्डिंगचाच काढून देतो. सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोड्यातला गॅस; रेग्युलेटर म्हणजे टाकीतला दाब कमी करून देणारी वस्तू. मला घरी सोडा करायचा होता, तरी मलाही तोच दिला होता. त्यावर काचेची उभी नळी असते, आत एक गोळी वरखाली नाचते आणि बाजूला आकडे असतात लिटरचे. घरी आणून टाकीला लावला तेव्हा कळलं, की हा मिनिटाला किती गॅस वाहतोय ते सांगतो, दाब किती आहे ते सांगतच नाही. परत गेलो. गल्ल्यावरचे मामा म्हणाले, “भावा, आधीच सांगायचंस की सोड्याला पायजे म्हणून!” त्यांची चूक नव्हती. कोल्हापुरात हा गॅस मागणारा माणूस एकतर वेल्डर असतो, नाहीतर फाउंड्रीवाला. वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून केलेल्या कोअरमध्ये (ओतकामात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायच्या ठोकळ्यात) हा गॅस सोडला, की कोअर बघता बघता दगड होतो. शिरोली, गोकुळ शिरगावकडे हे रोजचं काम. त्यामुळे गॅस मिळण्याची आपल्याकडे अडचण नाही. अडचण आहे ती योग्य वस्तू मागता येण्याची आणि तिच्यावरचे दोन काटे वाचता येण्याची.

एक गोष्ट आधीच सांगतो. टाकी, रेग्युलेटर, केग आणि नळ हा संच बाहेरच्या देशांत मुख्यतः घरी केलेली बिअर नळावर आणायला विकला जातो. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणं हा गुन्हा आहे, घरच्यापुरती केली तरी. म्हणून मी हा सगळा खटाटोप सोड्यासाठी केला. गंमत म्हणजे ज्याला बिअरवाले आज आपला केग म्हणतात, तो १९ लिटरचा स्टीलचा उभा डबा मुळात शीतपेयांच्या सिरपसाठीच बनवलेला. पेप्सी-कोकच्या धंद्यातून ते डबे बाद झाले आणि घरगुती बिअरवाल्यांनी उचलले. म्हणजे आपण सोडा भरला तर वस्तू आपल्या मूळ घरीच आली.

काय काय आणायचं

टाकी २ किलोची पुरते. एका केगला सोडा करायला आणि तो नळातून ढकलायला मिळून साधारण पाव किलो गॅस लागतो. गळती नसेल तर २ किलोत सात केग आरामात निघतात. टाकीच्या मानेवर ठोकलेले आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यात रिकाम्या टाकीचं वजन असतं, ते घरी लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. दाबाच्या चाचणीची तारीखही असते. ही चाचणी दर पाच वर्षांनी व्हायला लागते. तारीख उलटलेली टाकी भरून देणारा भेटला, तर तो आपल्यावर उपकार करत नाहीये. टाकी पेसोच्या मान्यतेची हवी. पेसो म्हणजे स्फोटक आणि दाबाच्या वस्तूंवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था, तिचं मुख्यालय नागपुरात आहे.

जुनं आग विझवायचं नळकांडं स्वस्तात मिळतंय म्हणून घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. त्यात आतून तळापर्यंत नळी गेलेली असते, म्हणजे चावी उघडली की गॅस नाही, द्रव बाहेर येतो. रेग्युलेटर द्रवासाठी नसतो.

गॅस भरताना ‘खाण्यापिण्याच्या दर्जाचा’ असं स्पष्ट सांगायचं. वेल्डिंगला चालणारा गॅस पोटात गेलेला चालेलच असं नाही. सोडा फॅक्टऱ्यांना जो पुरवतो त्याच्याकडून भरून घेणं सगळ्यांत सोपं.

रेग्युलेटर दोन गेजचा हवा. एक टाकीतला दाब दाखवणारं, दुसरं बाहेर जाणारा दाब दाखवणारं. दुसऱ्या गेजवर आकडे कुठपर्यंत आहेत ते बघा. ० ते १० किलोचं गेज असेल तर आपलं सगळं काम पहिल्या दोन घरांत होणार, आणि तिथे काट्याच्या जाडीएवढीच चूक पाच-सहा पौंडांची होते. ० ते ६० पौंड किंवा ० ते ४ किलोचं मागा. किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला किलो, आणि १ किलो म्हणजे १४.२ पौंड. पंक्चरवाल्याकडे ‘तीस भर’ म्हणतो तेच हे पौंड. दुकानातच बघून घ्या, की काहीही जोडलेलं नसताना दोन्ही काटे शून्यावर बसतात का. नाही बसले तर तो रेग्युलेटर तिथेच ठेवून या.

याशिवाय केग, गॅसची नळी, पेयाची नळी, हातातला साधा नळ, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी, उलटं येऊ न देणारी झडप), जुबली क्लिपा, जादा वायसर आणि ओ-रिंगा. केगची उंची दोन फुटांच्या जरा वर असते आणि रुंदी नऊ इंचांच्या आत. मी जुना सिंगल डोअर फ्रीज घेतला, कप्पे काढले आणि केग-टाकी दोन्ही आत उभे केले. फ्रीज घेण्याआधी आत टेप लावून मोजा. मागच्या बाजूला खाली कॉम्प्रेसरचा जो उंचवटा असतो तो हमखास आडवा येतो.

पितळेबद्दल दोन शब्द. आपल्याकडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात पितळी नोझल, पितळी कॉक चटकन मिळतात आणि दिसायलाही झकास असतात. गॅसच्या बाजूला ते खुशाल लावा. पेयाच्या बाजूला मात्र एकही नको. सोडा हा आम्ल असतो, तो पितळेतलं तांबं ओढून घेतो आणि ते पोटात गेलं की मळमळ, उलट्या. पेय जिथून जिथून जाईल तिथे स्टेनलेस स्टील किंवा खाण्याच्या दर्जाचं प्लास्टिक.

जोडणी

टाकी उभी करा आणि साखळीने किंवा पट्ट्याने बांधा. आडवी टाकी कधीच वापरायची नाही, रेग्युलेटरमध्ये द्रव शिरतो. वायसर बसवा, नट हाताने चढवा, मग पान्याने आवळा. जिथे वायसर आहे तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळायचा नाही. टेपने आटे घट्ट वाटतात, पण इथे गॅस अडवतो तो वायसर, आणि टेपमुळे तो नीट दाबलाच जात नाही.

आता रेग्युलेटरची मूठ. पाण्याचा नळ उजवीकडे फिरवला की बंद होतो. इथे बरोबर उलटं, उजवीकडे फिरवलं की दाब वाढतो. म्हणून टाकी उघडण्याआधी मूठ डावीकडे पूर्ण सैल करा, अगदी डुगडुगेपर्यंत. मग गेजच्या तोंडासमोर न थांबता, बाजूला उभं राहून टाकीची चावी हळूहळू उघडा. मोठा काटा, म्हणजे टाकीतला दाब दाखवणारा, एकदम वर जाईल. छोटा, म्हणजे बाहेर जाणारा दाब दाखवणारा, शून्यावरच राहिला पाहिजे. मग मूठ उजवीकडे थोडी थोडी फिरवत छोटा काटा १० पौंडांवर आणा आणि साबणाच्या पाण्याचा दाट फेस प्रत्येक जोडावर लावा. बुडबुडा फुगला की गळती. ओल्या स्पंजने भांडी घासायचा साबण फेसाळून लावला तर उत्तम दिसतो.

फेसाने न सापडणारी बारीक गळती असते. तिच्यासाठी सगळं जोडून, केग बंद करून ३० पौंड दाब द्या, टाकीची चावी बंद करा आणि झोपायला जा. ही परीक्षा रिकाम्या केगवर घ्या. आत पाणी असेल तर ते गॅस पीत राहतं आणि काटा गळतीशिवायच पडतो. सकाळी काटा तिथेच असेल तर शाबास. माझा पहिल्या रात्री २२ वर आला होता. दोष निघाला केगच्या झाकणाच्या ओ-रिंगेत, तिच्यावर एक बारीक केस चिकटला होता. केस! आठ दिवसांत टाकी रिकामी करायला तेवढा पुरला असता.

मोठा काटा काय सांगतो

नवशिक्यांची सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. घरातल्या एलपीजीसारखाच हा गॅसही टाकीत द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. मोठं गेज त्या वाफेचा दाब दाखवतं, आणि तो दाब ठरतो तापमानावर, टाकीत किती शिल्लक आहे त्यावर नाही. २५ अंशाला टाकी गच्च भरलेली असो की अर्धी, काटा सुमारे ९०० पौंडांवर. तीच टाकी फ्रीजमध्ये ५ अंशाला नेली की काटा ५५०-५६० वर उतरतो. फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी काटा बघितला आणि ‘गॅस गेला’ म्हणून भरणाऱ्याशी भांडायला निघालेला माणूस मला माहीत आहे. तो मीच.

३१ अंशांच्या वर तर या गॅसचा द्रव राहतच नाही. मे महिन्यात दुपारी गाडीत ठेवलेल्या टाकीचा दाब झपाट्याने चढतो. बहुतेक टाक्यांच्या चावीत त्यासाठी फुटणारी चकती असते, पण ती फुटते तेव्हा सगळा गॅस एकदम बाहेर येतो, आणि काचा बंद असलेल्या गाडीत आपण असू तर संपलंच. टाकी भरून आणली की थेट घरी. काचा खाली. वाटेत मिसळ नाही.

शिल्लक किती हे बघायला काटा नको, तराजू हवा. टाकी वजनकाट्यावर ठेवा, मानेवरचं रिकामं वजन वजा करा, उरेल तो गॅस. रेग्युलेटर लावलेलाच असेल तर त्याचंही वजन एकदा करून भिंतीवर लिहून ठेवा.

छोटा काटा कुठे ठेवायचा

एकट्या छोट्या काट्यालाही अर्थ नसतो. पाण्यात गॅस किती मुरेल हे दाब आणि तापमान मिळून ठरवतात. थंड पाणी कमी दाबात जास्त गॅस घेतं. झणझणीत सोड्यासाठी एका लिटर पाण्यात चार लिटर गॅस, म्हणजे वजनात साधारण आठ ग्रॅम मुरवायचा, असं धरू. पाणी ४ अंशाला असेल तर त्याला सुमारे २८ पौंड लागतात, १० अंशाला ३६ आणि २५ अंशाला ५९. बिअरवाल्यांचं गणित याहून मवाळ असतं. ते लिटरला अडीच लिटरवर थांबतात आणि ४ अंशाला १२ पौंड ठेवतात. परदेशी तक्ते बघून ‘१०-१२ पौंड ठेवा’ वाचलंत तर ते बिअरसाठी आहे. त्यावर केलेला सोडा मिळमिळीत लागेल.

२८ पौंड म्हणजे जवळजवळ २ किलो. किलोचं गेज असेल तर लक्षात ठेवायला आणखी सोपं. आता एक कोल्हापुरी दुरुस्ती. हे तक्ते समुद्रसपाटीचे असतात आणि आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास राहतो. इथली हवा जरा विरळ, म्हणून काट्यावर एक पौंड वाढवून २९ ठेवा. एका पौंडाने जिभेला फरक कळतो का? नाही कळत, खरं सांगतो. पण गेज हे बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतं हे त्यातून कायमचं डोक्यात बसतं.

पहिला केग

पहिला केग नुसत्या पाण्याचा करा. गाळलेलं पाणी १६-१७ लिटर भरा, काठोकाठ नको. गॅसच्या बाजूची आतली नळी आखूड असते, तिचं टोक पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. पाण्याच्या बाजूची तळापर्यंत जाते. दोन्हींचे कनेक्टर जबरदस्तीने अदलाबदल करता येतात आणि मग निघता निघत नाहीत, म्हणून रंग लक्षात ठेवा: गॅसचा करडा, पेयाचा काळा.

केग रात्रभर फ्रीजमध्ये. पाणी थंड झाल्याशिवाय गॅस देण्यात अर्थ नाही. सकाळी झाकण बसवा, ३० पौंड द्या, झाकण ‘टच्च’ करून वर चिकटल्याचं जाणवतं. मग झाकणावरची कडी ओढून गॅस सोडा, परत भरू द्या, असं तीन-चार वेळा. आत अडकलेली साधी हवा त्यातून निघते. ती राहिली तर काटा २९ दाखवतो, पण त्यातला काही दाब हवेचा असतो आणि सोडा कच्चा राहतो.

यापुढे दोन वाटा. काटा २९ वर ठेवून आठवडाभर विसरून जा, हा माझा आवडता. किंवा घाई असेल तर केग मांडीवर आडवा घेऊन हलवा, गॅसची बाजू वर ठेवून. गॅस आत शिरताना रेग्युलेटर मधमाशीसारखा गुणगुणतो. गुणगुण थांबली की पाण्याचं पोट भरलं. पाच-सात मिनिटांचं काम आहे, पण दंड भरून येतात. मग केग परत उभा करून दोन-तीन तास शांत राहू द्या.

दाब चुकून जास्त झाला तर नुसती मूठ डावीकडे फिरवून काटा सहसा खाली येत नाही. बहुतेक रेग्युलेटरांत गेलेला गॅस परत जायला वाट नसते. मूठ सैल करा, केगची कडी ओढून दाब सोडा, आणि मग मूठ उजवीकडे फिरवत खालून वर आकड्यावर या. नेहमी खालून वर.

नळातून सगळा फेसच येतो, ही पुढची तक्रार. याचं उत्तर नळीच्या लांबीत आहे. २९ पौंडांचा सोडा हातभर नळीतून सुटला की तो पेल्यात आपटतो आणि गॅस उडून जातो. आतून ५ मिलिमीटरची बारीक नळी ७-८ मीटर घ्या, गुंडाळी करून केगवर ठेवा. एवढ्या लांबीत दाब हळूहळू खर्च होतो आणि पेल्यात धार शांत पडते. बिअरच्या संचाबरोबर येणारी दीड मीटरची नळी सोड्याला कामाची नाही. पहिला पेला तरीही फेसाळच येतो, कारण नळ स्वतः गरम असतो. तो पेला झाडाला घाला.

गुळाची गोष्ट

पाण्यावर हात बसला की प्रत्येकाला वाटतं आता आपलं काहीतरी करावं. कोल्हापुरात राहायचं आणि साखर वापरायची? मार्केट यार्डातून गूळ आणला, आलं ठेचून घातलं, उकळून मळी काढली, फडक्यातून गाळलं आणि केग गळ्यापर्यंत भरला. गळ्यापर्यंत, हे महत्त्वाचं. दाब जास्त झाला असं वाटून मूठ एकदम सैल केली. केगमधला दाब मोठा, नळीतला छोटा, आणि आखूड नळीचं टोक गुळाच्या पाण्यात बुडालेलं. तांबूस पाणी पारदर्शक नळीतून उलटं चढताना मी डोळ्यांनी बघत होतो आणि हात कुठे घालावा ते सुचत नव्हतं. रेग्युलेटरमध्ये शिरलं, वाळलं, आणि तीन दिवसांनी छोटा काटा १५ वर कायमचा चिकटला. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पिशवीतच होता. नंतर लावू म्हणून ठेवलेला.

गुळाच्या पाण्याची दुसरी भानगड म्हणजे ते आंबतं. वीज गेली, फ्रीज गरम झाला, की आतल्या आत गॅस तयार व्हायला लागतो आणि थोडं थोडं मद्यही. म्हणजे दाबही वाढला आणि कायद्याची भानगडही आली. आता मी केगमध्ये फक्त पाणी ठेवतो. गूळ-आलं, कोकम, लिंबू यांचा पाक बाटलीत, फ्रीजच्या दारात. पेल्यात आधी पाक, मग वरून सोड्याची धार. गाडीवरचे सोडावाले हेच करत आलेत, मला समजायला एक रेग्युलेटर खर्ची पडला.

हवेशीर जागा

हा गॅस विषारी वास देऊन सावध करत नाही. रंग नाही, जवळपास वास नाही, आणि हवेच्या दीडपट जड असल्याने खाली साचतो. दहा बाय दहाची, दहा फूट उंच बंद खोली धरा. त्यात २ किलोची टाकी पूर्ण गळली तर हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास जातं, आणि तेवढ्यात जिवाला धोका असतो. म्हणून झोपायच्या खोलीत, तळघरात, जिन्याखालच्या कोनाड्यात हा संच नको. माझा फ्रीज मागच्या पडवीत आहे, दाराखाली फट आहे. फ्रीज उघडल्यावर नाकात सोडा प्यायल्यासारखी झिणझिण आली किंवा डोकं जड वाटलं, तर वाकून आत बघायचं नाही. मागे व्हायचं, दारं-खिडक्या उघडायच्या, आणि घरातल्या पोरांना, कुत्र्याला आधी बाहेर काढायचं. ती जमिनीच्या जवळ असतात.

रोज रात्री टाकीची चावी बंद करायची सवय लावा. सोडा एकदा मुरला की दोन-चार पेले केगमधल्या दाबावरच निघतात.

एक दिवस मोठा काटा खरोखरच पडायला लागेल. फ्रीज तितकाच थंड आहे, तरी काल ५५० होता, आज ४८०. याचा अर्थ टाकीतला द्रव संपला आणि आता नुसती वाफ उरली. फ्रीजमधल्या २ किलोच्या टाकीत त्या वेळी जेमतेम एका केगपुरता गॅस असतो. टाकी बाहेर २५ अंशाला ठेवत असाल, तर काटा बराच आधी, एक तृतीयांश शिल्लक असतानाच हलायला लागतो. तराजूवर ठेवून खात्री करा. शनिवारी पाहुणे यायचे असतील तर शुक्रवारीच भरून आणा.